नागपूरहून दोन दिवसांची जंगल सफारी: वडील आणि आठ वर्षांची मुलगी सोबत असताना कोणते जंगल निवडावे?

मृण्मयी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या जूनमध्ये यजमानांच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून नागपूरला आलो. तेव्हापासून ओळख झालेला प्रत्येक माणूस पहिल्या पाच वाक्यांत "ताडोबा झाले का?" हे विचारतोच. अजून झालेले नाही. आता मात्र जायचेच आहे, कारण माझे वडील थंडीसाठी आमच्याकडे राहायला आले आहेत आणि होळीनंतर ते वाईला परत जातील. ते ७१ वर्षांचे असून त्यांनी वाईजवळच्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ जीवशास्त्र शिकवले. अन्नसाखळीचा धडा शिकवताना ते फळ्यावर वाघ काढत असत आणि तो इतका हुबेहूब येई की पुसायला मुले तयार होत नसत. मात्र जंगलातला वाघ त्यांनी एकदाही पाहिलेला नाही.

सोबत माझी आठ वर्षांची मुलगी असेल. यजमानांना शनिवार-रविवारखेरीज सुट्टी मिळणार नाही. वडिलांना कमरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली नाही, पण मोठे धक्के टाळायला सांगितले आहे.

मी केलेला आराखडा असा आहे. शनिवारी पहाटे निघून सकाळची सफारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात करायची, तिथून पुढे जाऊन दुपारची सफारी ताडोबात, रात्री घरी परत, आणि रविवारी सकाळी पेंच. तीन जंगले पाहिली म्हणजे कुठे ना कुठे वाघ दिसेलच, असा माझा हिशेब आहे. हा हिशेब बरोबर आहे का, कोअर आणि बफर यांत नेमके काय निवडावे, आणि वडिलांच्या पाठीच्या दृष्टीने काय काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

धंतोलीकर

मृण्मयीताई, आपला आराखडा काळजीपूर्वक वाचला. तो बाजूला ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन, आणि कारणही सांगतो.

नकाशा समोर घ्या. उमरेड-कऱ्हांडला नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ६० किलोमीटरवर आहे, ताडोबा दक्षिणेला आणि पेंच उत्तरेला. ताडोबाच्या कोलारा गेटला उमरेड, भिसी, चिमूर या रस्त्याने जायचे तर घरापासून अडीच तास सहज लागतात. सफारीची गाडी ठरलेल्या वेळी गेटवर निघते आणि त्याआधी अर्धा-पाऊण तास आपण ओळखपत्रांसह तिथे हजर असावे लागते. एक फेरी साधारण चार तासांची असते. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास एका जंगलातून बाहेर पडून, जेवण उरकून, दुपारी दुसऱ्या जंगलाच्या गेटवर पोहोचायचे आणि रात्री नागपूर गाठून पुन्हा पहाटे चारला उठून उत्तरेला निघायचे, यात आपल्या वडिलांच्या वाट्याला जंगलापेक्षा डांबरी रस्ताच अधिक येईल. मोठे धक्के टाळायला सांगितलेल्या माणसाने दोन दिवसांत तीन सफाऱ्या आणि तीन वेगवेगळ्या दिशांचे प्रवास करू नयेत.

तीन जंगलांत वाघ दिसण्याची शक्यता तिप्पट होते, हे गणितही जंगलात चालत नाही. तीस वर्षे विदर्भातली जंगले पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की एकाच गेटवर मुक्काम करून लागोपाठ दोन किंवा तीन फेऱ्या करणाऱ्याला जंगल अधिक दिसते. संध्याकाळी ज्या वाटेवर ताजे ठसे दिसले, त्याच वाटेवर सकाळी जाता येते. गाईडला आदल्या दिवसाची बातमी असते, आणि आपल्यालाही दुसऱ्या फेरीत कुठे पाहायचे व कुठे कान द्यायचा हे थोडे कळू लागते.

कोअर आणि बफर यांविषयी. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून ते १९५५ साली घोषित झाले. पुढे त्याला अंधारी अभयारण्य जोडून आजचा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र म्हणजे कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवतीचे बफर त्याहून बरेच मोठे आहे. कोअरमध्ये आता जवळजवळ वस्ती नाही. बफरमध्ये गावे, शेती आणि जंगल एकमेकांत मिसळलेले आहे. वाघाला ही सीमारेषा ठाऊक नसते, त्यामुळे बफरमध्येही वाघ उत्तम दिसतात. "कोअर मिळाले नाही म्हणून जाणेच रद्द केले" असे लोक सांगतात, तेव्हा मला हळहळ वाटते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला आणि त्यांतले ९७ एकट्या ताडोबात होते, म्हणून सगळ्यांची धाव तिकडेच असते. परिणामी ताडोबा कोअरचे शनिवार-रविवारचे आरक्षण फार आधीच संपते, आणि त्या दोन दिवसांचा दरही इतर वारांपेक्षा जास्त असतो.

आता माझी शिफारस. आपण नागपूरला राहता, ताडोबा पुढेही होईल. वडिलांच्या पाठीचा विचार करता या वेळी पेंचच्या सिल्लारी गेटला जावे. अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग राष्ट्रीय महामार्ग ४४ चा चांगला रस्ता आहे. शनिवारी सकाळी घरी निवांत नाश्ता करून निघा, दुपारची फेरी करा, सिल्लारीतच मुक्काम करा आणि रविवारी सकाळची फेरी करून जेवायला घरी या.

याच महामार्गावर मनसर ते खवासा या टप्प्यात आपल्या मुलीला एक गोष्ट जरूर दाखवा. पेंचच्या जंगलातून रस्ता रुंद करताना वन्यप्राण्यांची ये-जा तुटू नये म्हणून तो नऊ ठिकाणी खांबांवर उचलला आहे, आणि त्यांतला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. वरून आपली गाडी जात असते आणि खालून चितळ, रानकुत्रे, वाघसुद्धा जातात. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे टिपलेली आहेत. कठड्याला उंच भिंती दिसू लागल्या की आपण प्राण्यांच्या डोक्यावरून चाललो आहोत, असे तिला सांगा.

एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी मी नातवाला घेऊन ताडोबात पांढरपौनीच्या पाणवठ्यावर थांबलो होतो. बाकीच्या गाड्या दहा मिनिटे थांबून निघून गेल्या. आमच्या गाईडने मात्र इंजिन बंद करायला लावले. पलीकडच्या काठावर वीसेक चितळे चरत होती. अचानक त्यांतल्या एका मादीने मान वर केली, शेपटी ताठ केली आणि पुढचा उजवा पाय जमिनीवर आपटला. दुसरीने आपटला. पाहता पाहता सगळ्या कळपाची तोंडे एकाच बाजूला वळली, जणू प्रार्थनेला उभी राहिलेली शाळा. मग बांबूच्या बेटामागून सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर दिलेला इशाऱ्याचा आवाज आला, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा, पण या वेळी तो डावीकडे सरकलेला होता. चितळांच्या माना त्या आवाजाबरोबर हळूहळू डावीकडे वळत गेल्या. पाच-सात मिनिटांनी एका चितळाने शेपटी खाली सोडली आणि चरायला तोंड लावले. गाईड म्हणाला, "गेला." आम्हाला वाघाचा एक केसही दिसला नाही, पण तो कुठून आला, कुठून गेला आणि केव्हा दूर झाला, हे आम्ही सर्वांनी चितळांच्या मानेवरून पाहिले. नातू आता अभियांत्रिकीला आहे. नंतर त्याने वाघ अनेकदा पाहिले, तरी सांगतो तो याच दिवसाविषयी. जीवशास्त्राच्या शिक्षकांना असे दृश्य किती आवडेल, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

वैदेही_अकोला

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या सासूबाईंना मणक्याचा त्रास असतानाही आम्ही त्यांना दोनदा सफारीला नेले आहे, म्हणून केवळ त्या एका बाबीविषयी सविस्तर लिहिते.

उघड्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात. गाईड बहुतेक वेळा चालकाशेजारी असतो. मागची रांग उंच असल्याने तिथून दिसते छान, आणि म्हणून घरातली तरुण मंडळी ज्येष्ठांना प्रेमाने मागे बसवतात. हे अगदी टाळावे. मागची रांग चाकांच्या वर येते आणि खड्ड्यात सर्वांत जास्त उसळते. वडिलांना चालकाच्या लगेच मागच्या रांगेत बसवा, म्हणजे पुढचा दांडा धरायला दोन्ही हात मोकळे राहतील. खड्डा दिसला की दांडा धरून किंचित उठल्यासारखे व्हायचे आणि धक्का पायांवर घ्यायचा, हे त्यांना घरी खुर्चीवर दोन-तीनदा करून दाखवा. कमरेचा पट्टा वापरत असतील तर तो लावूनच निघावे. एक छोटी घट्ट उशी कमरेच्या खोलगटात ठेवावी. सुरुवातीलाच चालकाला नम्रपणे सांगावे की आजोबांच्या पाठीला त्रास आहे, गाडी हळू घ्या. हे सांगितल्यावर चालक खरोखर सांभाळून नेतात, असा आमचा अनुभव आहे.

शक्य असल्यास जिप्सी पूर्ण आपलीच घ्या. आपण चौघेच असलात तर दोन अनोळखी माणसे येणार नाहीत आणि कुणाच्या घाईपायी गाडी पळवावी लागणार नाही.

फेब्रुवारीअखेर दुपारी ऊन चटका देते, पण पहाटे उघड्या गाडीत वाऱ्याने कान बधिर होतात. कानटोपी, स्वेटर आणि वर एक शाल असे थर ठेवावेत, म्हणजे नऊ वाजता एकेक काढता येतो. परतीच्या वेळी धूळ फार उडते. नाकातोंडाला बांधायला प्रत्येकाजवळ पंचा किंवा ओढणी असावी. ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे लहान मुलीचे आणि ज्येष्ठांचे शौचाला जाणे गेटवरच उरकून घ्यावे. वडील रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर त्या दिवशी ती सफारीनंतर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ही बाब कुणी बोलून दाखवत नाही आणि मग चार तास त्या माणसाला जंगल दिसत नाही.

आरक्षणाविषयी एक सावधगिरी. आमच्या पहिल्या वेळी एका मध्यस्थाने फोनवर पूर्ण पैसे घेऊन "कोअर पक्के आहे" असे सांगितले आणि सासूबाईंना घेऊन पहाटे पाच वाजता गेटवर पोहोचल्यावर कळले की तिकीट बफरचे असून तेही दुसऱ्या गेटचे आहे. वीस किलोमीटर गाडी पळवत गेलो आणि अर्धी फेरी गेली. तेव्हापासून आम्ही वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच आरक्षण करतो आणि तिकिटावरचे गेटचे नाव, तारीख, सकाळ की दुपार, आणि प्रत्येकाचा ओळखपत्र क्रमांक दोनदा वाचतो. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, त्याचीच मूळ प्रत सोबत न्यावी लागते.

चिमूरकर

नमस्कार ताई. माझे गाव ताडोबाच्या बफरमध्ये आहे आणि माझा सख्खा भाऊ सफारीत गाईड आहे. धंतोलीकर काकांनी आपल्याला पेंचला पाठवले, याचा राग नाही. पाठीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे पटते. तरीही ताडोबाची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

आमच्याकडे वाघाच्या आधी माणसांची गोष्ट आहे. ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखाचे आहे. तो वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, असे आमचे लोक मानतात. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात आदिवासी बांधव तिथे पूजेला येतात. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब उभे दिसतात. राजाच्या स्वारीची सूचना पुढे देण्यासाठी त्यांतून दोर ओवून घंटा बांधत असत, असे गाईड सांगतात. आपल्या वडिलांना हे सारे आवडेल. कोअरमधली काही गावे गेल्या वीस वर्षांत बाहेर येऊन वसली. जामणी गाव उठले तिथे आता गवताचे माळ आहेत आणि त्यांत सांबरे, चितळे, त्यांच्यामागून वाघ येतात. जिथे कुणाचा गोठा होता तिथे आता वाघीण पिले घेऊन बसते, हे पाहताना आमच्या मनात काय येते, ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

बफरची फेरी घेतल्यास त्या पैशांतला वाटा गावाच्या समितीकडे येतो आणि गाईड, चालक हे आसपासच्या गावांतलेच असतात. आता गावांतल्या महिलाही गाईड म्हणून काम करतात. आपली मुलगी सोबत आहे, तर महिला गाईड मिळते का ते गेटवर अवश्य विचारा.

एक कळकळीची विनंती आहे. वाघ दिसला की गाडीतले लोक चालकाला "अजून पुढे घ्या" म्हणतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिलांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले, त्याची चित्रफीत सगळीकडे पसरली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. निलंबन गाईड आणि चालकांचे झाले. ते योग्यच होते, पण त्या गाड्यांत मागे बसून पुढे चला म्हणणारे लोक घरी गेले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून २० मीटरहून अधिक अंतर ठेवायचे असते, दोन गाड्यांत ५० मीटर अंतर असावे लागते आणि एका ठिकाणी पंधरा मिनिटांहून जास्त थांबून दृश्य अडवायचे नसते. मोठ्या बक्षिसाचे आमिष दाखवले की गरीब घरातला चालक पेचात सापडतो. बक्षीस द्यायचेच असेल तर फेरी संपल्यावर द्या आणि वाघ दिसला नाही तरी द्या. त्या दिवशी त्याने तेवढीच मेहनत केलेली असते.

मार्चमध्ये यायचे झाल्यास हेही ध्यानात असू द्या की तेव्हा मोह गळू लागतो. पहाटे अंधारात आमच्या बायका टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वले येतात. बफरमधून गाडीने जाताना अशा बाया दिसल्या तर कृपया त्यांचे फोटो काढत थांबू नका. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, आणि दरवर्षी त्यात आमची माणसे जातात. तिथे गाडी थांबली, गलका झाला, की त्यांचे आजूबाजूच्या आवाजाकडे लक्ष राहत नाही.

मंगळवारी ताडोबाचे कोअर बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर हे तीन महिने पावसाळ्यासाठी बंद असते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरनंतर, तीन दिवस काढून, आमच्याकडे अवश्य या.

मृण्मयी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तिन्ही उत्तरे काल रात्री वडिलांना वाचून दाखवली. चितळांच्या माना वळण्याचा प्रसंग ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय आपटणे हे पुस्तकात एका ओळीत होते, मी मुलांना ती ओळ घोकायला लावली." त्यांनी स्वतःच निर्णय दिला: या वेळी सिल्लारी, आणि तब्येत साथ देईल तर पुढच्या हिवाळ्यात ताडोबा, तेही बफरसह. चिमूरकर दादा, मोहफुले वेचणाऱ्या बायांविषयी आपण लिहिलेले मी विसरणार नाही.

आता दोन लहान प्रश्न उरले आहेत. शनिवारी संध्याकाळी फेरी संपल्यावर सिल्लारीत मुलीसाठी काही पाहण्यासारखे आहे का? आणि वडिलांकडे ७ बाय ५० अशी एक फार जुनी, जड दुर्बीण आहे. ती न्यावी की नवी घ्यावी? जुन्या दुर्बिणीच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. तारीख होळीच्या आधीचा शनिवार धरली आहे.

धंतोलीकर

ताई, निर्णय वाचून समाधान वाटले. मुलीसाठी तिथे फार मोलाची गोष्ट आहे, पण त्यासाठी आपल्याला तारीख बदलावी लागेल.

महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क अशी मान्यता मिळाली. सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले दिवे त्यासाठी बदलले. नव्या दिव्यांचा उजेड वर आकाशात न जाता खाली जमिनीवरच पडतो. सिल्लारीजवळ वाघोडा तलावाच्या बाजूला आकाश पाहण्यासाठी खास जागा केली आहे. नागपुरात आपल्या गच्चीवरून मोजून पंधरा-वीस तारे दिसतात. तिथे मृग नक्षत्र शोधताना लहान मूल गोंधळून जाते, इतके तारे असतात. आकाशदर्शनाची व्यवस्था त्या रात्री आहे का, हे मुक्काम आरक्षित करतानाच विचारून घ्या.

आता अडचण अशी की होळी म्हणजे पौर्णिमा. तिच्या आधीच्या शनिवारी रात्रीचा बराच भाग चंद्रप्रकाशात जाईल आणि अंधाऱ्या आकाशाचा सारा लाभ वाया जाईल. त्याऐवजी महाशिवरात्रीला लागून येणारा शनिवार घ्या. ती माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे अमावास्येची आदली रात्र. चंद्र उगवतो तोच पहाटे, उगवतीला अगदी बारीक कोर होऊन. संध्याकाळी सातनंतर मृग जवळजवळ डोक्यावर आणि त्याच्या खाली आग्नेयेला व्याध, हे फेब्रुवारीतले सर्वांत सोपे आणि सुंदर दृश्य आहे. मात्र महाशिवरात्रीच्या दिवसांत यात्रेकरूंमुळे महामार्गावर आणि रामटेकच्या फाट्याला गर्दी होऊ शकते, म्हणून घरून तासभर आधी निघा.

पंधरा दिवस अलीकडे आल्याने पहाटेची थंडी थोडी जास्त असेल, तेव्हा वैदेहीताईंनी सांगितलेली शाल दुहेरी घ्या. गवत तोपर्यंत बरेच वाळलेले असते आणि पळस फुलू लागलेला असतो. सागाची पानगळ सुरू झालेली असेल, त्यामुळे आतले जंगल पावसाळ्यानंतरच्या महिन्यांपेक्षा खोलवर दिसते.

दुर्बीण नवी मुळीच घेऊ नका. ७ बाय ५० म्हणजे वस्तू सातपट जवळ दिसते आणि पुढच्या काचेचा व्यास ५० मिलिमीटर असतो. इतकी मोठी काच भरपूर उजेड आत घेते, म्हणून पहाटे फेरी सुरू होताना आणि सांजेला ती छोट्या नव्या दुर्बिणींपेक्षा उजळ दाखवते. रात्री त्याच दुर्बिणीतून मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ धुरकट ठिपक्यासारखा दिसेल आणि कृत्तिकेच्या सहा ताऱ्यांच्या जागी कितीतरी तारे दिसतील. ती जड आहे ही एकच उणीव. गाडीत ती गळ्यात लटकवली तर मानेला आणि पाठीला ताण पडेल; मांडीवर घडी केलेल्या शालीवर ठेवावी, आणि वडिलांनी दोन्ही कोपर पुढच्या दांड्यावर टेकवून पाहावे, म्हणजे हातही थरथरणार नाहीत.

काचेतले जाळे ही बुरशी आहे. दमट हवेत जुन्या दुर्बिणींना ती धरते. घरी उघडून पुसू नका, कारण आतले लोलक जागेवरून किंचित जरी हलले तरी दोन प्रतिमा दिसू लागतात. कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे ती या आठवड्यातच द्या, म्हणजे सफारीपर्यंत हातात येईल. परत आल्यावर डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावी.

मृण्मयी

तारीख बदलली. महाशिवरात्रीजवळच्या शनिवारची दुपारची आणि रविवारची सकाळची फेरी, सिल्लारी गेट, पूर्ण जिप्सी, असे आरक्षण आत्ताच अधिकृत संकेतस्थळावर झाले. तिकिटावरचे गेटचे नाव आणि चौघांचे ओळखपत्र क्रमांक दोनदा वाचले. दुर्बीण सीताबर्डीतल्या एका कारागिराकडे दिली असून ते दहा दिवसांत देतो म्हणाले. वडिलांनी मुलीला जेवणाच्या खुर्चीवर बसवून धक्का पायांवर कसा घ्यायचा हे आज संध्याकाळी शिकवले, आणि मग तिने त्यांना.